कर्जतचा थांबा कोणासाठी?

कर्जत स्थानकाचे नाव गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांतून वरचेवर येऊ लागले आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात पनवेल-कर्जत हा दुहेरी उपनगरी मार्ग डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झाला. बदलापूर ते कर्जत या ३२ किलोमीटरांच्या पट्ट्यात तिसरी व चौथी मार्गिका टाकण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. त्याच्या पुढच्याच महिन्यात नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. या तिन्ही गोष्टी एकत्र धरून कर्जत मुंबईच्या किती जवळ आले, याची गणिते सध्या मांडली जात आहेत. जमिनी विकणाऱ्यांच्या फलकांवर ही गणिते मिनिटांत लिहिलेली असतात. परंतु कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत जे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत, त्यांना कोणती गाडी, किती वाजता आणि किती भाड्यात मिळणार, याविषयी कोणी बोलत नाही. मुंबईकराला कर्जत जवळ येणे आणि कर्जतकराला त्याचे काम, शाळा, दवाखाना व बाजार जवळ येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधली की दुसरी आपोआप साधते, असे समजण्यास या स्थानकाच्या १७० वर्षांच्या इतिहासात आधार सापडत नाही.

उलट या इतिहासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कर्जतला गाडी थांबली ती दुसऱ्या कोणाच्या तरी गरजेपोटी. स्थानिक माणसाला तिचा जो उपयोग झाला तो अनुषंगाने झाला. जी सोय अनुषंगाने मिळते ती मूळ कारण नाहीसे होताच काढून घेतली जाऊ शकते. म्हणून या दोन तालुक्यांतील रेल्वेच्या प्रश्नाकडे हक्काचा प्रश्न म्हणून पाहण्याची वेळ आली आहे.

घाटासाठी उभे राहिलेले स्थानक

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, मे १८५६ मध्ये, लोहमार्ग कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत पोहोचला. ही घाई या भागातील रयतेच्या कळकळीने झालेली नव्हती. दख्खनचा कापूस बंदरावर आणणे आणि लँकेशायरचे कापड दख्खनमध्ये पोहोचवणे हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा व्यवहार होता, आणि त्या व्यवहाराच्या आड सह्याद्री उभा होता. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. पण खोपोली आणि खंडाळा यांच्यामधला घाट प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीने ओलांडावा लागे. १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला तेव्हा ही अडचण दूर झाली. मुख्य मार्ग पळसदरीहून वर वळला आणि एके काळी शेवटचे मोठे स्थानक असलेली खोपोली एका फाट्याच्या टोकाला जाऊन पडली. ती आजही तेथेच आहे.

सुमारे २५ किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांहून अधिक चढ आणि २५ बोगदे असे ते काम होते. जानेवारी १८६१ मध्ये या एका घाटावर ४२,००० मजूर राबत होते. पटकी, ताप, सुरुंगांचे स्फोट आणि कड्यावरून कोसळणे यांत त्यांतील हजारो दगावले. वेळेवर मजुरी न मिळाल्यामुळे १८५९ च्या आरंभी मजुरांनी उठाव केला. त्यानंतर पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट पुरे केले. अभियंत्यांची आणि कंत्राटदारांची नावे इतिहासात नोंदली गेली. मजुरांपैकी एकाचेही नाव घाटातल्या कोणत्या स्थानकाला किंवा बोगद्याला दिलेले नाही.

या कामाचा आर्थिक पाया ध्यानात घेण्यासारखा आहे. १८४९ च्या करारानुसार कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने घेतली होती. नफा झाला तर भागधारकांचा, तूट आली तर ती हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे अखेर शेतसाऱ्यातून, भरून निघणार होती. दादाभाई नौरोजी आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या अर्थचिंतकांनी रेल्वेवर जी टीका केली तिचा रोख लोहमार्गांवर नव्हता. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा या व्यवस्थेवर होता. कंपनीचा कारभार १९२५ मध्ये सरकारकडे आला आणि १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली. मालकी बदलली, गाड्यांच्या वेळा ठरवताना कोणाची गरज प्रथम धरायची, ही रीत मात्र फारशी बदलली नाही.

वीज आणि पाणी

रेल्वेची गोष्ट एकटी घेतली तर ती योगायोगाची वाटेल. म्हणून याच दोन तालुक्यांतील विजेची गोष्ट तिच्या शेजारी ठेवून पाहावी. घाटमाथ्यावरच्या धरणांत साठवलेले पाणी घाटाखाली सोडून टाटांनी १९१५ मध्ये खोपोली येथे आणि १९२२ मध्ये भिवपुरी येथे वीज निर्माण केली. ती मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी होती. विजेच्या तारा ज्या वाड्यांवरून गेल्या त्या वाड्या पुढे अनेक दशके अंधारात राहिल्या. वीज काढून झाल्यावर उरलेले पाणी मात्र भिवपुरीखाली राजनाल्याच्या कालव्याने कर्जतच्या भातशेतीला मिळाले आणि तेथे उन्हाळी पीक घेता येऊ लागले. येथेही तोच नियम दिसतो. मुख्य लाभ बाहेर गेला. तालुक्याला जे मिळाले ते वापरून उरलेले.

या तारांचा अर्थ भाई कोतवालांनी ओळखला होता. माथेरानचा हा वकील शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या चालवीत होता, शाळा काढीत होता. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगड येथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांचे स्मरण कर्जत तालुक्यात दरवर्षी होते. आपल्या भूमीवरून जाणाऱ्या साधनांवर आपला हक्क काय, हा त्यांच्या कृतीतला प्रश्न त्या स्मरणात येतो की नाही, याचा विचार व्हावा.

तांत्रिक थांबा

आता स्थानकाकडे वळू. कर्जतच्या पुढे घाटाचा चढ सदतिसास एक इतका तीव्र आहे. म्हणून मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जत येथे मागून ढकलणारी जादा इंजिने, ज्यांना रेल्वेच्या बोलीत बँकर म्हणतात, ती जोडावी लागतात. ती लोणावळ्याच्या बाजूला वर गेल्यावर सोडली जातात. इंजिने जोडण्यास काही मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ गाडी उभी राहते. १९३० मध्ये सुरू झालेल्या दख्खनच्या राणीलाही येथे थांबणे भाग पडले. कर्जतचा बटाटावडा महाराष्ट्रभर गाजला तो याच काही मिनिटांमुळे. फलाटावर वडे, चहा, काकड्या, करवंदे, जांभळे विकणाऱ्या किती घरांची चूल या बँकर इंजिनांनी पेटती ठेवली, याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात नाही.

परंतु गाडी उभी राहते म्हणून ती प्रवाशासाठी थांबली असे होत नाही. लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांचा कर्जतचा थांबा हा तांत्रिक थांबा असतो. गाडी फलाटाला लागते, इंजिन जोडले जाते, आणि तरीही त्या गाडीचे कर्जतचे तिकीट मिळत नाही, कारण वेळापत्रकात तो थांबा दाखवलेला नसतो. सोलापूरकडे किंवा दक्षिणेकडे जाऊ इच्छिणाऱ्या कर्जतच्या माणसाने डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या गाडीत चढू नये. आधी शंभर किलोमीटर मागे मुंबईला, किंवा निदान कल्याणला जावे आणि तेथून तीच गाडी पकडून पुन्हा कर्जतवरून जावे, अशी ही व्यवस्था आहे. रेल्वेच्या दृष्टीने इंजिनाची गरज खरी. माणसाची गरज अर्ज करून सिद्ध करावयाची.

हा थांबादेखील कायमचा नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी बँकरशिवाय घाट चढू लागली आणि तिला कर्जतला थांबण्याचे कारण उरले नाही. डब्याडब्यांत शक्ती विभागलेल्या अशा गाड्या जसजशा वाढतील तसतशी बँकरची गरज कमी होत जाईल. तंत्रातील ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तिने वेळ आणि इंधन वाचते, आणि तीव्र चढावर गाडी ढकलण्याचे जोखमीचे काम टळते. तिला विरोध करणे शहाणपणाचे होणार नाही. मात्र इंजिनासाठी मिळालेला थांबा इंजिनाबरोबर जाणार असेल, तर माणसासाठी थांबा हवा ही मागणी त्यापूर्वी मान्य करून घेतली पाहिजे. गाड्या न थांबता निघून जाऊ लागल्यावर निवेदने देण्यात काही हशील नाही.

कोण प्रवास करतो?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत १०० किलोमीटरांवर आहे. लोकलने या अंतराला साधारण दोन तास किंवा त्याहून अधिक लागतात. रोज जाऊन येऊन चार-साडेचार तास गाडीत, त्यापूर्वी वाडीवरून किंवा गावावरून स्थानक गाठण्याची पायपीट किंवा सहा आसनी रिक्षाचे भाडे, असा ज्याचा दिवस असतो तो कामगार कायद्याने आठ तास काम करतो. वस्तुतः त्याचे तेरा-चौदा तास जातात. अंबरनाथ, ठाणे, कुर्ला येथील मालकाला हा कामगार स्वस्तात मिळतो, कारण त्याला शहरात घर देण्याचा खर्च मालकावर पडत नाही. तो खर्च कामगार आपल्या झोपेतून भरतो.

या गाड्यांतून नेरळ, भिवपुरी रोड, शेलू, वांगणी येथून विद्यार्थी आणि नोकरदार स्त्रिया जातात. पहाटेच्या गाड्यांत ठाकर आणि कातकरी स्त्रिया रानभाज्या, कारली, काकड्या, मोहरीची पाने, पळसाच्या पत्रावळी यांच्या पाट्या घेऊन कल्याणपर्यंत आणि पुढेही जातात. भाताचे पीक घरात आले की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडण्याच्या कामावर स्थलांतर करतात. पोराबाळांसह, भांड्याकुंड्यांसह निघालेली ही कुटुंबेही याच फलाटावर दिसतात. खोपोलीकडे कारखान्यांचे कामगार आहेत. खालापूर तालुक्यातील रसायनी येथे १९६० मध्ये स्थापन झालेला हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स हा सार्वजनिक उद्योग होता; तेथील बहुतेक उत्पादन बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ मध्ये घेतला. जवळचे काम गेले की दूरचे काम शोधावे लागते, आणि दूरच्या कामाला गाडी लागते. उद्योगधोरण आणि गाडीचे वेळापत्रक यांचा हा संबंध दिल्लीत बसून दिसत नाही.

अशा प्रवाशांना आजची व्यवस्था काय देते? बदलापूर ते कर्जत या पट्ट्यात आजवर दोनच मार्गिकांवरून लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या धावत आल्या. त्यामुळे एक गाडी रखडली की तिच्या मागच्या साऱ्या रखडतात, आणि मार्ग देताना लोकल मागे राहते. उल्हास नदीच्या काठाने जाणारा हा मार्ग पुराने किती सहज तुटतो, हे २७ जुलै २०१९ रोजी दिसले. बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका नौकांनी करावी लागली. मदतीचे पथक येण्यापूर्वी आसपासचे गावकरी तेथे पोहोचले होते. त्याच पावसाळ्यात घाटात दरडी कोसळून मुंबई-पुणे वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. कर्जत-खोपोली हा १५ किलोमीटरांचा फाटा तर एकेरीच आहे. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी या स्थानकांवरील माणसाची कर्जतची जोडगाडी चुकली की त्याचा अर्धा दिवस वाया जातो.

तोट्याचा हिशेब

याला रेल्वेचे उत्तर ठरलेले असते. उपनगरी वाहतूक तोट्यात चालते, प्रवासी भाडे खर्चाला पुरत नाही, एकेक थांबा वाढवला की मार्गाची क्षमता घटते. या उत्तरातला शेवटचा भाग खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. प्रत्येक गाडी प्रत्येक ठिकाणी थांबू लागली तर कोणतीच गाडी वेळेवर धावणार नाही. पण तोट्याचा हिशेब जसा मांडला जातो तसा तो अपुरा आहे.

अर्थशास्त्राच्या साध्या नियमाने पाहू. लोहमार्ग टाकला, गाड्या वाढल्या, की त्या मार्गालगतच्या जमिनीची किंमत वाढते. ही वाढ जमीनमालकाच्या कष्टाने आलेली नसते. सार्वजनिक पैशाने आलेली असते. नेरळ, कर्जत, चौक या पट्ट्यात अशी वाढ गेली कित्येक वर्षे होत आहे. ती कोणाच्या हाती पडली? ज्या शेतकऱ्याने किंवा आदिवासीने मार्ग होण्यापूर्वी, अडीअडचणीत, गुंठ्याच्या किरकोळ भावाने जमीन दिली त्याच्या हाती ती पडली नाही. ती दलालाच्या, बंगल्यांच्या वसाहती उठवणाऱ्याच्या आणि दुसरे घर घेणाऱ्या शहरी ग्राहकाच्या हाती पडली. रेल्वेच्या वहीत तोटा दिसतो, कारण रेल्वेने निर्माण केलेला नफा दुसऱ्याच्या वहीत जमा होतो. १८४९ च्या हमीकरारात खर्च रयतेचा आणि लाभ भागधारकाचा होता. आज भागधारकाच्या जागी जमिनीचा व्यापारी आला आहे.

असे असता तोटा भरून काढण्याचे ओझे मात्र सर्वांत स्वस्त तिकीट काढणाऱ्यावर टाकले जाते. २०२० च्या टाळेबंदीनंतर देशभर पॅसेंजर गाड्या ‘विशेष’ आणि ‘एक्स्प्रेस’ या नावांनी चालवण्यात आल्या आणि किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपये झाले. ते पूर्ववत होण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडला. गाडी तीच, डबे तेच, थांबेही बहुधा तेच. बदलले ते नाव आणि भाडे. तीन-चार वर्षे चाललेल्या या वसुलीवर संसदेत जितकी चर्चा व्हावयास हवी होती तितकी झाली नाही. १९२४ पासून वेगळा मांडला जाणारा रेल्वेचा अर्थसंकल्प २०१७ पासून सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला आणि ज्या दिवसांत खासदार आपल्या भागातील थांब्याचा, फलाटाचा, भाड्याचा प्रश्न उभा करीत असत ते दिवसही त्याबरोबर गेले.

नवा मार्ग कोणाच्या वेळेने?

या पार्श्वभूमीवर पनवेल-कर्जत मार्गाकडे पाहिले पाहिजे. सुमारे ३० किलोमीटरांचा हा मार्ग पनवेल, चिखले, मोहोपे, चौक आणि कर्जत अशा पाच स्थानकांचा. मंजुरीच्या वेळी त्याचा खर्च २,७८२ कोटी रुपये धरला होता. डोंगरातून तीन बोगदे काढण्यात आले. त्यांतला वावर्ले येथील बोगदा अडीच किलोमीटरांहून लांब आहे. मुंबईकराला कल्याण टाळून कर्जत गाठता यावे, हा या मार्गाचा गाजवला जाणारा गुण. स्थानिक माणसाला त्याचा उपयोग त्याहून मोठा होऊ शकतो. कर्जत तालुका प्रशासनाने अलिबागला बांधलेला आहे. पण रेल्वेने तो नेहमी ठाण्या-मुंबईलाच जोडला गेला. पनवेलचा बाजार, दवाखाने, महाविद्यालये आणि तेथून पेण-रोह्याकडे जाणारी वाट या मार्गाने जवळ येते.

मात्र ही शक्यता केवळ रूळ टाकल्याने प्रत्यक्षात उतरत नाही. ती वेळापत्रकात उतरावी लागते. शनिवार-रविवारच्या सहलीला सोयीच्या गाड्या ठेवायच्या की पाळीवर जाणाऱ्या कामगाराला सोयीच्या, हा निवड करण्याचा प्रश्न आहे. चौक स्थानकावर उतरणाऱ्यास वाडीपर्यंत नेणारी एस.टी. नसेल तर स्थानक असून नसल्यासारखे. याच चौकच्या वर, इर्शाळगडाच्या कुशीत, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ता राहिली. वाडीला रस्ता नव्हता, म्हणून मदतीची यंत्रे वर चढू शकली नाहीत आणि माणसांनी हातांनी माती उपसली. पायथ्याशी सहापदरी द्रुतगती मार्ग २००२ पासून वाहत आहे, त्यावर खालापूरचे नाव टोलनाक्यासाठी प्रसिद्ध आहे, डोंगरातून रेल्वेचा बोगदा खोदता येतो, आणि त्याच तालुक्यातल्या वाडीला पायवाटच असते. साधने नाहीत असे येथे म्हणता येणार नाही. साधनांचा क्रम कोण लावतो, हा प्रश्न आहे.

काय मागावे?

मागण्या थोड्या आणि नेमक्या असाव्यात. पहिली, जी गाडी तांत्रिक कारणाने कर्जतला थांबते तिचा थांबा प्रवाशांसाठी खुला करावा. यात रेल्वेचा एक मिनिटही जादा जात नाही. दुसरी, बँकरची गरज संपलेल्या गाड्यांपैकी पुणे आणि दक्षिण महाराष्ट्राकडे जाणाऱ्या किमान काही गाड्यांना कर्जतचा थांबा लेखी निर्णयाने द्यावा. तिसरी, कर्जत, लोणावळा आणि पुणे यांच्या दरम्यान साध्या भाड्याच्या गाड्या कामगार व विद्यार्थी यांच्या वेळांना चालवाव्यात. लोकसभेच्या मतदारसंघांच्या २००८ च्या पुनर्रचनेत कर्जत विधानसभा क्षेत्र घाटावरच्या पिंपरी-चिंचवडसह मावळ मतदारसंघात घातले गेले. मत देण्यासाठी जर घाट आड येत नाही, तर कामाला जाण्यासाठी तो आड येऊ नये. चौथी, खोपोलीच्या एकेरी फाट्यावर गाड्या समोरासमोर ओलांडण्याची सोय वाढवून ठरावीक अंतराने गाडी धावावी आणि कर्जतला तिची मुंबईच्या गाडीशी जोड राखली जावी. पाचवी, भाजीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या स्त्रियांना पहाटेच्या गाड्यांत निर्धोक जागा मिळावी. दंडाच्या धाकात त्यांना प्रवास करावा लागू नये. सहावी, रेल्वेमुळे वाढलेल्या जमिनीच्या किमतीचा एक भाग विकास आकाराने वसूल करून तो या दोन तालुक्यांच्या फलाट, पूल, एस.टी. आणि वाड्यांच्या रस्त्यांवर खर्च व्हावा.

या मागण्या कोणाकडे न्यायच्या, याचेही उत्तर स्पष्ट नाही. विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समित्या आहेत, पण त्यांचे सदस्य नेमलेले असतात आणि सल्ला बंधनकारक नसतो. नगर परिषदा, पंचायत समित्या आणि ग्रामसभा यांनी निवडून पाठवलेले प्रतिनिधी या समित्यांवर असावेत आणि वेळापत्रक बदलण्यापूर्वी ते त्यांच्यापुढे मांडले जावे, ही मागणी त्यामुळे साऱ्या मागण्यांच्या मुळाशी येते.

समाजवादी चळवळीला हे क्षेत्र परके नाही. मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांचा वीस दिवसांचा संप जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली झाला. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, संपात बडतर्फ झालेल्यांना त्यांनी कामावर परत घेतले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांची गादी घालण्याचा निर्णय केला. ती दोन इंच गादी आज लहान गोष्ट वाटेल. पण रेल्वेचा पैसा प्रथम कोणाच्या सोयीसाठी खर्चावा, या प्रश्नाचे ते एका मंत्र्याने दिलेले उत्तर होते, आणि त्या उत्तराचा लाभ देशातल्या प्रत्येक दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला झाला.

कर्जत-खालापूरच्या कार्यकर्त्यांनी आता दोन कामे हाती घ्यावीत. पहिले काम मोजणीचे आहे. एक आठवडाभर, पहाटेच्या पहिल्या गाडीपासून रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत, कर्जत, नेरळ, खोपोली आणि चौक या स्थानकांवर बसून कोण कोठून येतो, कोठे जातो, कोणती जोडगाडी चुकते, कोणती गाडी थांबते पण घेत नाही, याची नोंद करावी. रेल्वेकडे तिकिटांचे आकडे असतात. गाडी नसल्यामुळे जो प्रवास झालाच नाही त्याचा आकडा तिच्याकडे नसतो. तो कार्यकर्त्यांनीच गोळा केला पाहिजे. दुसरे काम जमिनीचे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन शासनाच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. नव्या मार्गालगतच्या वाड्यांवर हे कलम वाचून दाखवावे, सातबारा तपासून पाहावेत आणि संशयास्पद व्यवहार तहसीलदारापुढे नेावेत. मार्ग पुरा होईपर्यंत वाट पाहिली तर रूळ राहतील, गाड्या राहतील, आणि ज्यांच्यासाठी ही सारी मागणी करावयाची ती माणसेच तेथून उठलेली असतील.